गेराइंट जार्मन : परंपरेचे नाव आणि परका ठेका

अल्पसंख्याकांच्या भाषेत रचना करणाऱ्या कलावंताचे मूल्यमापन करताना टीकाकाराच्या हातून एक चूक वारंवार घडते. त्याने भाषेची सेवा किती केली हा प्रश्न तो आधी विचारतो. त्या भाषेकडून त्याने कोणते नवे काम करवून घेतले, हा प्रश्न मागे पडतो. वेल्श भाषेतील कवी आणि रॉक-गायक गेराइंट जार्मन (१९५०–२०२५) यांच्या कारकीर्दीचा विचार दुसऱ्या प्रश्नापासून आरंभिला, तरच त्यांचे खरे महत्त्व ध्यानात येते.

त्यासाठी पार्श्वभूमी थोडक्यात पाहणे अवश्य आहे. सन १९६२ मध्ये साँडर्स लुइस यांनी ‘भाषेचे भवितव्य’ या आपल्या नभोवाणी-व्याख्यानात, आहे तोच क्रम चालू राहिल्यास एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेल्श ही जिवंत भाषा उरणार नाही, असा इशारा दिला. त्याच वर्षी वेल्श भाषा संघटनेचा जन्म झाला. १९६५ मध्ये लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी कापेल केलिन हे वेल्शभाषी खेडे जलाशयाखाली गेले. या क्षोभातून जे गीत निर्माण झाले ते बहुधा एकट्या गिटारच्या साथीचे निषेधगीत होते. त्यात वेल्श ही गीताची भाषा होती, आणि गीताचा विषयही पुष्कळदा तीच होती.

जार्मन यांचा जन्म डेन्बीचा, परंतु वाढ कार्डिफची. ज्या शहरात रस्त्यावरचा व्यवहार इंग्रजीतून चालतो, तेथे वेल्श बोलणारा तरुण स्वतःच्या राजधानीत अल्पसंख्य ठरतो. १९६९ मध्ये माइक स्टीव्हन्स व हेदर जोन्स यांच्यासह त्यांनी ‘अ बारा मेनिन’ म्हणजे ‘लोणी-पाव’ हे त्रिकूट काढले, ते तत्कालीन वेल्श सुगम गायनाचे विडंबन म्हणून. १९७० मध्ये त्यांचा ‘प्रेमाचे हिम’ या अर्थाच्या नावाचा काव्यसंग्रह निघाला. पुढे १९७६ या एकाच वर्षी ‘आल्फ्रेड स्ट्रीटच्या कविता’ हा संग्रह आणि ‘शतकाची महान आशा’ ही पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. या शीर्षकातील उपरोध विडंबनकाराला शोभणाराच आहे.

त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव विशेष मननीय आहे : ‘कंगानेद्वीर’, अर्थात कंग्हानेद रचणारे. कंग्हानेद ही वेल्श छंदःशास्त्रातील शतकानुशतके चालत आलेली वर्णयोजना होय. मोरोपंतांच्या आर्येतील यमक बहुधा चरणान्ती साधले जाते; कंग्हानेदमध्ये एकाच ओळीच्या पोटात व्यंजनांची क्रमशः पुनरावृत्ती अथवा अंतर्यमक साधावे लागते. असे कुलीन नाव धारण केलेला वृंद वाजवीत होता तो मात्र जमैकातील रेगे! यात थट्टा आहे, तसाच एक दावाही आहे. वेल्श शब्दातील आघात सामान्यतः उपान्त्य अक्षरावर पडतो आणि शब्द आघातहीन अक्षरावर संपतो. रेगेतील गिटारचा ठोका मुख्य तालमात्रांच्या मधल्या फटीत पडतो. शब्द जेथे उतरतो तेथे वाद्य उठते. म्हणूनच हा परका ठेका या भाषेला उपरा वाटत नाही, असे आम्हांस वाटते.

‘अंधाराकडे टॅक्सी’ (१९७७) या ध्वनिमुद्रिकेत हे नागर विश्व स्थिरावले. पुढच्याच वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेस राष्ट्रगीताचेच नाव दिले होते, आणि तीत टिच ग्विलिम यांनी ते गीत विजेच्या गिटारवर शब्दांवाचून वाजविले. भाषेसाठी लढणाऱ्या समाजाच्या सर्वांत पूज्य गीतातून भाषाच वगळणे, हे साधे धाडस नव्हे. १ मार्च १९७९ रोजी वेल्समधील सुमारे चार-पंचमांश मतदारांनी स्वतंत्र विधानसभेचा प्रस्ताव फेटाळला. त्याच वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव होते ‘हॉटेल वेल्स’. मायभूमीत पाहुणा होऊन राहणाऱ्याची स्थिती याहून संक्षेपाने सांगता येणार नाही.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो. रेगेमागे गुलामगिरीचा इतिहास आहे. वेल्श समाज तर ब्रिटिश साम्राज्याचा भागीदारही होता. मग ‘नवा इथिओपिया’सारख्या गीतात त्या दुःखाशी सलगी करण्याचा अधिकार कोणता? आक्षेप निराधार नाही. जेथे जार्मन दोन इतिहासांना समान लेखू पाहतात, तेथे त्यांची रचना सैल पडते. परंतु कार्डिफच्या गोदीलगत कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. त्या शहराचा गायक जेव्हा केवळ आपल्या रस्त्याविषयी गातो, तेव्हा हा ठेका त्याच्या अनुभवाचाच अंश ठरतो.

१९८२ मध्ये वेल्श दूरचित्रवाणी-वाहिनी सुरू झाली. त्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्यावरील ‘फिदेओ नौ’ या कार्यक्रमाद्वारे जार्मन यांनी तरुण वृंदांस व्यासपीठ दिले. त्या पिढीतील ग्रिफ रीस यांच्या ‘सुपर फरी ॲनिमल्स’ या वृंदाने २००० मध्ये ‘म्वंग’ ही संपूर्ण वेल्श ध्वनिमुद्रिका काढली.

२०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण १७.८ टक्के भरले. १९७१ मध्ये ते सुमारे २१ टक्के होते. तेव्हा जार्मन यांनी भाषा तारली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. टॅक्सी, हॉटेल, रात्रीचा रस्ता यांविषयी वेल्शमध्ये, वेल्शचा उल्लेखही न करता, गाता येते हे त्यांनी दाखवून दिले. ज्या भाषेला सदैव स्वतःविषयीच बोलावे लागते ती आजारी असते. तिला क्षणभर स्वतःचा विसर पडू देणे, हेच या गायकाचे कार्य होय.