उखळापाशी चांगुणा

श्रियाळ राजाच्या कथेत अतिथीची मागणी एका दमात येत नाही. आधी तो नरमांस मागतो, मग ते राजाच्या एकुलत्या एका मुलाचेच हवे म्हणतो. चिलयाला कापून, रांधून, ताट वाढून झाले की तो मस्तकाविषयी विचारतो. आईने ते लपवून ठेवलेले असते, निदान लेकराचे तोंड तरी पुन्हा पाहता यावे म्हणून. तेही त्याला हवे असते, आणि तिने ते त्याच्यासमोर उखळात घालून कांडायचे असते. कांडताना डोळ्यांतून टिपूस गळता कामा नये, तोंडाने गाणे चालू राहिले पाहिजे.

श्रीधरस्वामींनी 1718 साली बारामतीत पूर्ण केलेल्या ‘शिवलीलामृता’च्या चौदाव्या अध्यायात ही कथा आहे. पोथीबरोबरच कीर्तनांतून आणि बायकांच्या गाण्यांतूनही ती घरोघर गेली, आणि सांगणाऱ्यागणिक तिचा तपशील थोडाफार बदलला. कांती नगरीचा श्रियाळ आणि राणी चांगुणा यांचे व्रत एकच: दारी आलेल्या शिवभक्ताला तो मागेल ते जेवू घालायचे. शंकर किळसवाण्या अतिथीचे रूप घेऊन त्यांचे सत्त्व पाहायला येतो. शेवटी चिलया जिवंत होतो आणि सगळ्यांना कैलास मिळतो.

शेवट गोड आहे म्हणून आपण ही कथा लहान मुलांनाही सांगत आलो. पण तिचा जीव शेवटात नाही, उखळापाशी आहे. गाण्याची अट रडण्याला बंदी म्हणून घातलेली आहे. घडते ते उलटेच. ज्या गाण्याने दुःख दाबायचे, तेच दुःखाला वाट करून देते. चांगुणा मुसळ उचलते आणि लेकराशी बोलू लागते. त्याचे रूप, त्याचे चालणे-बोलणे आठवते, इतके लाड केलेल्या मस्तकावर घाव घालणारी मी आई कसली, असे स्वतःला विचारते. अट मोडलेली नाही, डोळे कोरडे आहेत, सूर सुरू आहे. तरीही ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळते की इथे आई ऊर फोडून रडते आहे. मराठी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या कांडताना, दळतानाच आपले सुखदुःख ओव्यांतून सांगितले. चांगुणेलाही तीच वाट सापडावी, हे मला या कथेचे सर्वांत मोठे बळ वाटते. देवाने परीक्षा आखली, पण गाण्यात काय म्हणायचे ते आईने ठरवले.

याची थोरवी कळायला हीच कथा तमिळ मुलखात कशी सांगतात ते पाहावे. बाराव्या शतकात शेक्किळार यांनी ‘पेरियपुराणम्‌’मध्ये 63 नायन्मार शिवभक्तांची चरित्रे लिहिली. त्यांत शिरुत्तोंडर आहेत. पूर्वायुष्यात ते पल्लवांचे सेनानी होते आणि चालुक्यांच्या वातापीवर, म्हणजे आजच्या बदामीवर, चालून गेले होते, अशी परंपरा आहे. त्यांच्या कथेत भैरव होऊन आलेला शिव पाच वर्षांचा, निर्व्यंग, एकुलता एक मुलगा मागतो. आईने त्याला धरायचे, बापाने कापायचे, आणि दोघांनी ते आनंदाने करायचे. ते दोघे तसे करतातही. पाहुणा मस्तक मागतो, तेव्हा दासी सांगते की लागेल हे ओळखून मी ते आधीच शिजवून ठेवले आहे. आईच्या हातात मुसळ येतच नाही. तमिळ कवीला भक्तीचा अचल आनंद दाखवायचा आहे. मराठी कथेला तेवढे पुरले नाही, तिने किंमत मोजणारे हातही दाखवले.

डेव्हिड शुलमन यांनी 1993 साली आलेल्या ‘द हंग्री गॉड’ या पुस्तकात दक्षिणेतल्या या कथा बायबलमधल्या अब्राहामाच्या कथेशेजारी ठेवून वाचल्या आहेत. उत्पत्तीच्या 22व्या अध्यायात बाप तीन दिवस चालत मोरिया देशात जातो, मुलाला वेदीवर बांधतो, सुरी उचलतो, आणि देवदूत हाक मारून त्याला थांबवतो. इसहाकाऐवजी झुडपात शिंगे अडकलेला एडका बळी जातो. त्या अध्यायात इसहाकाची आई सारा कुठेच नाही. तिला कोणी विचारले नाही, सांगितलेही नाही. पुढच्याच अध्यायात येते ती तिच्या मरणाची बातमी. चांगुणेला मात्र आपल्या कथेने माजघरातून काढून भर मध्यभागी आणले.

देवदूत अब्राहामाला म्हणतो की तू देवाचे भय बाळगतोस हे आता मला समजले. मग आधी ठाऊक नव्हते का? ज्याला सगळे कळते त्याला परीक्षा घ्यायची गरज काय? यावर ठरलेले उत्तर असते की परीक्षा देवासाठी नसते, भक्ताला स्वतःची ओळख पटावी म्हणून असते किंवा जगाला दाखला मिळावा म्हणून. मला ते पटत नाही. चांगुणा रोज दारी येईल त्याला जेवू घालत होती, तिची ओळख पटायला आणखी काय हवे होते? आणि जगाला दाखला म्हणून एका आईच्या हातून तिचेच लेकरू कांडून घेणे, याला प्रेम म्हणता येत नाही. चिलया परत आला तरी ते घाव तिच्या हातांनी घातलेच होते. प्रेम करणारा देव असे मागणार नाही, असे मी ठामपणे म्हणतो.

कथेनेही देवाला सहज सोडलेले नाही. सगळे सोसून झाल्यावर अतिथी पानावर बसतो आणि म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही. तिला निपुत्रिक केले कोणी? कथेतले हे सर्वांत क्रूर वाक्य, आणि ते देवाच्याच तोंडी घातलेले आहे. सांगणाऱ्यांना ते गाळता आले असते, तरी कथा अडली नसती. त्यांनी ते राखले. ते ऐकताना श्रोत्याचे मन चांगुणेच्या बाजूने उभे राहते, आणि पुराण ऐकायला बसलेल्या माणसाला देवाचा राग येण्याची मुभा मिळते. पण त्याच वाक्यापाशी कथा वळतेही. मूल नसलेल्या घरात हा देव जेवू शकत नाही, मुलाला हाक मार म्हणतो, आणि चिलया धावत येतो. कापून वाढलेला बळी पानात तसाच राहतो आणि मूल परत द्यावे लागते. आपण मागितलेले आपल्यालाच घेता आले नाही, ही देवाची बाजूही कथेत आहे.

भक्ताची बाजू तमिळ कथेत दिसते. तिथेही मूल परत येते. शिरुत्तोंडर त्याला घेऊन लगबगीने आत येतात, तर पाहुणाच नाहीसा झालेला असतो. शिव-उमेचे दर्शन व्हायला अजून अवकाश आहे. कापलेला मुलगा जिवंत, समोर उभा आहे, आणि या माणसाला घोर लागतो तो पाहुणा न जेवता गेल्याचा. तेव्हा त्यांना कोणी पाहत आहे, हेही त्यांना ठाऊक नसते.