गाडी स्पष्ट, माणसं धूसर : रेल्वेचे दोन फोटो आणि आपल्या फिगर्स

मला दर महिन्याला एकदा तरी कोणीतरी विचारतं, "पेपरमधली फिगर वाचायची कशी?" आज त्याचं उत्तर पेपरमधून न देता रेल्वेच्या दोन फोटोंमधून देतो. दोन्ही प्रसिद्ध आहेत, नेटवर सहज सापडतात. वाचताना शेजारी उघडून ठेवा.

पहिला फोटो ओ. विन्स्टन लिंक या अमेरिकन फोटोग्राफरचा. 'हॉटशॉट ईस्टबाउंड', २ ऑगस्ट १९५६, वेस्ट व्हर्जिनियातलं आयेगर नावाचं छोटं गाव. रात्रीची वेळ. गाडीत बसून सिनेमा बघायचं मैदान मोटारींनी भरलंय. पुढच्या उघड्या मोटारीत एक जोडपं पाठमोरं बसलंय. समोर पडद्यावर जेट विमान, आणि मागून पांढरी वाफ सोडत वाफेच्या इंजिनाची मालगाडी चाललीय.

लिंक शिक्षणाने सिव्हिल इंजिनीअर, पोटापाण्यासाठी जाहिरातींचे फोटो काढणारा. नॉरफोक अँड वेस्टर्न ही तिथली वाफेवर चालणारी शेवटची मोठी रेल्वे कंपनी, आणि तिचीही इंजिनं आता डिझेलची होणार होती. म्हणून १९५५ ते १९६० या काळात तो पुन्हापुन्हा तिकडे जात राहिला आणि बरेचसे फोटो रात्री काढले. कारण साधं आहे. दिवसा सूर्य कुठे असेल हे आपल्या हातात नसतं, आणि रूळही हलवता येत नाहीत. रात्री सगळा उजेड आपला. शहरात किंवा गावात गाडीचा फोटो काढताना तारा, खांब, पाट्या, भिंती असा पसारा मध्ये येतो. अंधारात जे नको ते उजळायचंच नाही! आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने बॅकग्राउंड नॉइज मुळातच बंद केला.

पण त्याची किंमत होती. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपटीने कमी होतो, हे आपण बारावीत शिकलोय. त्यामुळे इतक्या मोठ्या दृश्याला एक फ्लॅश पुरत नाही. या एका फोटोसाठी त्याने ४३ फ्लॅशबल्ब एकाच वेळी उडवले. बल्ब सिरीजमध्ये जोडलेले असायचे, म्हणजे सर्किट एका जागी तुटलं तर एकही पेटणार नाही. अर्धवट उजळलेला, 'चालून जाईल' असा फोटो निघण्यापेक्षा फोटोच न निघालेला बरा. प्रयोगाची रचना करताना हे लक्षात ठेवा: चूक झाली तर ती दिसली पाहिजे.

आता माझी तक्रार. पडद्यावरचं ते विमान त्या फ्लॅशच्या क्षणी निगेटिव्हवर आलंच नव्हतं. ४३ बल्बच्या उजेडात सिनेमाचा पडदा पांढराफटक पडला. विमानाचं चित्र वेगळं घेऊन नंतर डार्करूममध्ये तिथे बसवलं. ही गोष्ट लपलेली नाही, या फोटोबद्दलच्या लिखाणात ती सांगितलेली असते. पण फोटोत ती दिसत नाही. आणि गंमत अशी, की या फोटोचा अर्थ सगळे त्या विमानातूनच काढतात: जुनं यंत्र जातंय, नवं येतंय. म्हणजे निष्कर्ष ज्या भागावर उभा आहे, नेमका तोच भाग मागाहून चिकटवलेला.

कलाकृती म्हणून मला यात गैर वाटत नाही. लिंक नाटक उभं करत होता. मोटारही त्याचीच होती, जोडपंही त्यानेच बसवलं होतं. पण हाच फोटो "१९५६ सालचं गाव असं होतं" याचा पुरावा म्हणून वापरला, तर मी थांबवेन. गाडी त्या रात्री तिथून गेली, एवढं तो सिद्ध करतो. विमान आणि इंजिन एका क्षणी एका चौकटीत होते, हे नाही.

दुसरा फोटो आपल्या घरचा. सेबास्तियाव सालगादो, चर्चगेट स्टेशन, १९९५. सालगादो मूळचा ब्राझीलचा, शिकलेला अर्थशास्त्र. वरून घेतलेला फोटो, दोन बाजूंना लोकल उभ्या, आणि मधला फलाट माणसांनी असा भरलाय की नदी वाहतेय असं वाटावं. इथे त्याने लिंकच्या अगदी उलटं केलं: शटर बराच वेळ उघडं ठेवलं.

थोडा हिशोब करू. समजा गाडी ताशी ६० किमी वेगाने जातेय, म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. शटर १/१०० सेकंद उघडं असेल तर गाडी १७ सेंटिमीटर सरकते, लांबून ते जेमतेम कळतं. तेच एक सेकंद उघडं ठेवलं तर जवळपास एका डब्याएवढा धुरकट पट्टा उमटतो. पण चर्चगेट हे शेवटचं स्टेशन. तिथे गाडी उभी असते आणि माणसं धावतात. म्हणून गाडी स्पष्ट, माणसं धूसर.

फोटो खोटा नाही. गर्दीचा लोंढा यात जसा दिसतो तसा १/१०० सेकंदाच्या फोटोत दिसलाच नसता. पण त्या गर्दीत रोज असणाऱ्या कोणालाही विचारा. प्रत्येकाला माहीत असतं कुठली फास्ट पकडायची, कितव्या डब्याच्या कुठल्या दाराशी उभं राहायचं, आपला ग्रुप कुठे बसतो. ती गर्दी आंधळी नसते, हिशोबी असते. लांब एक्स्पोजरने वेग टिकला, पण नेमका हा हिशोब पुसला गेला. शिवाय हा फोटो स्थलांतरावरच्या कामात येतो. बोरिवलीला घरी जेवायला निघालेला माणूस त्या शीर्षकाखाली आपोआप 'स्थलांतरित' होतो. कॅप्शनची ताकद ही अशी.

हे सगळं मला इतकं का टोचतं, तेही सांगतो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी मायक्रोस्कोपखाली जिवंत पेशींचे फोटो घेत होतो. पेशीची कड एका एक्स्पोजरमध्ये छान यायची, आतलं प्रथिन दुसऱ्यात. मी दोन्ही जोडून एक देखणी फिगर केली. प्रथिन कडेला चिकटलंय, असं त्यात स्वच्छ दिसत होतं. ग्रुप मीटिंगमध्ये मॅडमनी एकच विचारलं, "हे दोन्ही एकाच क्षणाचे आहेत का रे?" नव्हते. मध्ये चार मिनिटं गेली होती, तेवढ्यात पेशी सरकल्या होत्या. दोन्ही चॅनल एकत्र घेऊन पुन्हा पाहिलं तर ती जवळीक दिसेना. पाठवलेला ॲबस्ट्रॅक्ट मागे घेतला. मी फसवायला बसलो नव्हतो, मला फक्त स्वच्छ चित्र हवं होतं. लिंकलाही तेच हवं होतं. फरक एवढाच, की त्याच्या फोटोवर पुढचा प्रयोग कोणी रचणार नव्हतं.

तर पुढच्या वेळी फिगर समोर आली की चार प्रश्न विचारा. शटर किती वेळ उघडं होतं, म्हणजे माहिती किती काळात गोळा केली? त्यामुळे काय गोठलं आणि काय पुसलं गेलं? दोन वेगळ्या क्षणांच्या गोष्टी एका चौकटीत आणल्यात का, आणि तसं मेथड्समध्ये लिहिलंय का? आणि कॅप्शन झाकली तर तोच निष्कर्ष निघतो का?

सराव करायचा तर जवळच्या स्टेशनबाहेर, रस्त्यावरून किंवा सार्वजनिक पुलावरून, मोबाईलच्या प्रो मोडमध्ये एकाच जागेचे दोन फोटो घ्या. एक १/५०० सेकंदाचा, एक एक सेकंदाचा. रुळांजवळ अजिबात जाऊ नका आणि परवानगीचे नियम आधी बघा. मग दोन्हीखाली एकेक ओळीची कॅप्शन लिहा, पण त्या फोटोत जेवढं आहे तेवढीच. मला पहिल्यांदा ती ओळ लिहायला अर्धा तास लागला होता.