हाइडला किती हिट पॉइंट्स?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण भयाच्या आस्वादाबद्दल बोललो. भय लांबून, सुरक्षित जागेवरून अनुभवलं तर त्यात एक आनंद असतो, हे बर्क आणि कांट यांचं म्हणणं आपण पाहिलं. आज तोच धागा धरून एका जेवणाच्या टेबलापाशी जाऊ.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे इंग्लंडला होतो. नात पंधरा वर्षांची. तिकडे सोळाव्या वर्षी जीसीएसई नावाची परीक्षा असते आणि इंग्रजी साहित्याला एकोणिसाव्या शतकातलं एक पुस्तक नेमलेलं असतं. हिला स्टीव्हन्सनची १८८६ सालची 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' होती. तिच्या शिक्षिकेनं मुलांना या कादंबरीवर एक टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम तयार करून दिला होता. शनिवारी चार मुलं घरी आली, टेबलावरच्या बश्या उचलल्या गेल्या आणि खेळ मांडला. आम्ही बाजूला चहा घेत बसलो.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण खेळ चालवतो, त्याला गेममास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. गेममास्टर प्रसंग उभा करतो, "दार आतून बंद आहे, पावलं ऐकू येतायत, काय करता?" मग खेळाडू आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगतात आणि ते जमलं की नाही हे फाशावर ठरतं. बोर्ड नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. या प्रकारातला पहिला मोठा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत तो आणला. लढायांच्या खेळांतून तो जन्मला, म्हणून त्याच्या रक्तातच लढाई आहे. माणूस असो वा राक्षस, प्रत्येकाला काही हिट पॉइंट्स असतात. घाव बसला की ते कमी होतात. शून्य झाले की खेळ खलास.

तर त्या शनिवारी मुलं लंडनमधले वकील, डॉक्टर, पोलीस झाली. पाऊण तासात त्यांनी हाइडला प्रयोगशाळेच्या मागच्या दारात गाठलं, फासे पडले, हाइडचे तीस हिट पॉइंट्स संपले. नात ओरडली, "आजोबा, आम्ही जिंकलो!"

आम्ही विचारलं, "अगं, मग जेकिल कुठे गेला?"

कुणालाच माहीत नव्हतं. खरं म्हणजे माहीत सगळ्यांना होतं. हाइड म्हणजेच जेकिल हे आज पुस्तक न उघडलेल्यालाही ठाऊक असतं. पण त्या खेळात या माहितीचं काही कामच नव्हतं.

आता आपला आजचा मुद्दा. शिक्षिकेची तळमळ खरी होती, तिला आम्ही नावं ठेवत नाही. पण खेळाचा नियम हा कादंबरीचा अर्थ असतो, हे तिच्या लक्षात आलं नाही. हाइडला तीस हिट पॉइंट्स दिले त्याच क्षणी तिनं एक समीक्षा लिहिली: वाईट गोष्ट ही आपल्या बाहेर उभी असते, तिला मर्यादित आयुष्य असतं आणि चार जणांनी मिळून ती संपवता येते. स्टीव्हन्सननं याच्या नेमकं उलटं लिहिलंय. तिथे हाइडला कुणी मारत नाही. दार कुऱ्हाडीनं फोडलं जातं तेव्हा त्यानं स्वतःच विष घेतलेलं असतं, आणि मारणारा व मरणारा एकच असतो.

आणखी एक खटकलं. खेळासोबत हाइडचं रंगीत चित्र असलेलं कार्ड होतं. दात, भुवया, सगळं साग्रसंगीत. कादंबरीत हाइडला पाहिलेल्या माणसांना त्याचं वर्णनच करता येत नाही. काहीतरी बिघडलेलं आहे एवढं जाणवतं, नेमकं काय ते सांगता येत नाही. शब्द तिथे थांबतात आणि भय त्या थांबण्यात असतं. ॲन रॅडक्लिफ या गॉथिक कादंबरीकार बाईंनी 'टेरर' आणि 'हॉरर' असा भेद केला होता. पहिल्यात अस्पष्टता असते, तिनं मन पसरतं, जागं होतं. दुसऱ्यात सगळं समोर येतं आणि मन आखडून जातं. कार्डानं आणि आकड्यानं मुलांचा टेरर काढून घेतला आणि त्यांच्या हातात ना टेरर ना हॉरर, एक गणित राहिलं.

ही अडचण या खेळांच्या जगालाही ठाऊक आहे बरं का. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याचं १९८३ सालचं 'रेव्हनलॉफ्ट' घ्या. त्यामागची गोष्ट अशी, की ट्रेसींना एका खेळात भुयारातल्या कुठल्याशा खोलीत निष्कारण बसलेला व्हँपायर भेटला आणि हा इथे करतोय काय, असा प्रश्न पडला. त्या प्रश्नातून स्ट्राड हा सरदार आला. त्याला वाडा आहे, भूतकाळ आहे, हेतू आहे. सुरुवातीला पत्ते काढून भविष्य पाहिलं जातं आणि पत्त्यांप्रमाणे त्या खेळीत त्याला काय हवंय ते बदलतं. स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'चं ऋण उघड आहे. तरी शेवटी स्ट्राडलाही हिट पॉइंट्स आहेतच!

मग हा सगळा खटाटोप सोडून मुलांनी मुकाट पुस्तक वाचावं, असं आमचं म्हणणं आहे का? पहिल्या शनिवारी होतं. आमची बायको म्हणाली, "तुम्ही वर्गात शिकवायचात तेव्हा तरी कोण पुस्तक वाचून यायचं?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

इथे जरा मागे जाऊ. मेरी शेलीनं १८१६ मध्ये जिनिव्हाच्या तळ्याकाठी, बायरनच्या घरी, सगळ्यांनी भुताची गोष्ट लिहायची या पैजेतून 'फ्रँकेनस्टाइन' सुरू केली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. हे फार वेळा सांगून झालंय. आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती जेन ऑस्टिनची कॅथरिन मोर्लंड. 'नॉर्थँगर ॲबी' ऑस्टिनच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस आली. कॅथरिन सतरा वर्षांची, रॅडक्लिफच्या कादंबऱ्यांत बुडालेली. ती एका जुन्या मठाच्या वाड्यात पाहुणी जाते आणि चक्क रोल-प्लेइंग करू लागते. पेटी उघडते, तर आत पलंगपोस. कपाटात गुंडाळी सापडते. रात्रभर धडधड, सकाळी पाहते तर कपडेधुलाईची बिलं. घरमालक जनरल टिल्नीनं बायकोचा खून केलाय अशीही तिची खात्री होते, आणि ती तोंडघशी पडते.

इथपर्यंत वाचून लोक हसतात आणि म्हणतात, बघा, गोष्टींनी पोरगी बिघडली. पुढे अमेरिकेत १९८० च्या दशकात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'बद्दलही पालकांनी हेच म्हटलं होतं. पण ऑस्टिन तिथे थांबत नाही. कॅथरिन श्रीमंत नाही हे कळताच हाच जनरल तिला घराबाहेर काढतो, सत्तर मैलांच्या प्रवासाला एकटीला लावून देतो. खून खोटा होता, क्रौर्य खरं होतं. त्या घरातली हवा कोंदलेली आहे, मुलं बापाला भितात, हे त्या पोरीला जाणवलं होतं. तिला त्यासाठी शब्द सापडत नव्हते, म्हणून तिनं कादंबरीतले उसने घेतले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना गॉथिक का शिकवायचं, याचं याहून चांगलं कारण आम्हाला माहीत नाही. घर नावाच्या जागेत भीती असू शकते, हे म्हणायची सोय तिथे असते.

आता दुसरा शनिवार. आमच्या त्या प्रश्नानं नात आठवडाभर धुमसत होती. तिनं मैत्रिणीबरोबर नियमच बदलले. वकील, पोलीस रद्द. एका मुलानं जेकिल व्हायचं. औषध घेतलं की तो हाइड होतो आणि त्या रात्री त्याला हवं ते करता येतं, फाशाशिवाय. फक्त दर वेळी औषध घेतलं की एक आकडा एकानं वाढतो. रोज झोपताना साधा सहाचा फासा टाकायचा. दान त्या आकड्याइतकं किंवा कमी पडलं तर सकाळी हाइड म्हणून जाग येणार.

त्या मुलानं तीनदा औषध घेतलं, मजा केली. मग शहाणा झाला. म्हणाला, बस, आता नाही. एक रात्र गेली, दोन गेल्या. तिसऱ्या रात्री दान पडलं दोन. तो उभाच राहिला, "पण मी घेतलंच नाही! हे चीटिंग आहे!"

मंडळी, आम्ही चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. ॲरिस्टॉटल म्हणतो, हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, पण तो फेकणं तुमच्या हातात होतं. सवय स्वभाव कशी होते यावर आम्ही कितीदा फळा भरला असेल. 'मी घेतलंच नाही' हा आवाज मात्र आमच्या वर्गात कधी उठला नाही.

भांडण पेटलं. नियम अन्यायाचा आहे असं तो, नाही असं नात. शेवटी तिनं पुस्तक आणलं. शेवटचं प्रकरण, जेकिलचं निवेदन. चौघं डोकी लावून वाचत होती: जेकिल म्हणून झोपलेला माणूस सकाळी चादरीवरचा स्वतःचा हात पाहतो आणि तो हात हाइडचा असतो. पुढे तर रीजंट्स पार्कात बाकावर बसलेला असताना, दिवसाढवळ्या, औषधाशिवाय. आधी हाइड होण्यासाठी औषध लागायचं, नंतर जेकिल राहण्यासाठी लागतं. त्यातला क्षार संपतो, नवा आणला तर उपयोगी पडत नाही. मुलगा वाचत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे याहून वाईट आहे." नियम आणखी कडक करायचा ठरलं.

शिक्षिकेनं दिलेल्या खेळात मुलांना पुस्तक उघडायची गरजच पडली नव्हती. इथे पुस्तक पुरावा झालं. खेळ चांगला की वाईट हे तपासायला आम्ही आता हीच कसोटी लावतो: भांडण झालं तर मुलं कुठे धावतात? गेममास्टरकडे, की मजकुराकडे?

एक गोष्ट मात्र आम्हाला अजून सुटलेली नाही. निघायच्या आधी नातीनं 'फ्रँकेनस्टाइन'चा खेळ करायला घेतला. पहिल्याच प्रसंगात प्राणी डोळे उघडतो. कादंबरीत व्हिक्टर पळून जातो. मुलं पळाली नाहीत. त्यांनी त्याला पांघरूण दिलं, सूप दिलं, नाव ठेवलं. कादंबरी दहा मिनिटांत संपली. नात आमच्याकडे बघत राहिली, आता पुढे काय म्हणून. त्यांनी चूक केली असं म्हणायला आमची जीभ रेटेना. आणि पुस्तक शिकवून झालं असंही म्हणता येईना. आम्ही तिला एवढंच सुचवलं, की पुढच्या वेळी प्राणी गेममास्टरकडे ठेवू नकोस, तुमच्यातल्याच कुणाला तरी दे, आणि बाकीच्यांनी त्याच्याशी कसं वागायचं ते त्याला आधी कळू देऊ नकोस. तो खेळ अजून व्हायचा आहे. झाला की फोन करीन म्हणाली आहे.