जित शत्रूचे भवितव्य : वसईच्या तहाचे एक वाचन

युद्धविषयक कथनांत शत्रूचे चित्र रणांगणावर ठसठशीत असते. तो हाती लागताच ते अंधुक होते. वसईच्या 1739 च्या मोहिमेविषयीचे मराठी कथन ह्यास अपवाद नाही. चिमाजी आप्पांचा निर्वाणीचा उद्गार, देवळांत पोहोचलेल्या चर्चच्या घंटा आणि बंदी पोर्तुगीज स्त्रीला सन्मानाने परत पाठविल्याची आख्यायिका, ही त्याची आवडती स्थळे होत. ही आख्यायिका कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेच्या कथेशी इतकी मिळतीजुळती आहे की, तिच्यात शत्रू हा केवळ जेत्याच्या सद्गुणांचे निमित्त ठरतो. त्याला स्वतःचा आवाज नाही.

तहाच्या कलमांत मात्र तो आहे. शिबंदीने शस्त्रे, निशाणे व वाद्यांसह बाहेर पडावे, रहिवाशांनी जंगम मालमत्ता न्यावी, मागे राहणाऱ्यांना धर्माचरणाची मोकळीक असावी, अशा अटी तेथे आढळतात. धर्मविषयक जाचाची तक्रार ज्या सत्तेविरुद्ध होती, तिच्याच प्रजेला ही मोकळीक मिळाली, हे विशेष लक्षणीय होय.

ह्यास निखळ औदार्य म्हणणे सयुक्तिक ठरणार नाही. पावसाळा तोंडावर आला होता, मराठ्यांची मनुष्यहानी मोठी होती आणि नादिरशहा दिल्लीत असल्याने उत्तरेत फौजेची निकड होती. परंतु गरजेतून आलेली अट म्हणून तिचे मोल उणावत नाही. दया देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. करार दोन्ही पक्षांना बांधतो.

हा भेद दुसऱ्या एका बेटावरील घटनेने स्पष्ट होतो. 7 डिसेंबर 1941 रोजी पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर निशिकाइची हा जपानी वैमानिक हवाई बेटांपैकी नीइहाऊवर विमानासह कोसळला. बेटवासीयांनी त्याचे पिस्तूल व कागद काढून घेतले, पण पाहुणचारही केला. बेटावर दूरध्वनी नव्हता आणि नेहमीची बोट आली नाही. त्याचे काय करावे हे ठरविणारा अधिकारच तेथे पोहोचला नाही. कागदांच्या ओढाताणीतून हिंसा उसळली आणि 13 डिसेंबरला तो मारला गेला. तेथे सद्भाव होता. त्याला धरून ठेवणारी व्यवस्था नव्हती.

म्हणून वसईच्या कथनाची परीक्षा करताना आख्यायिकेपेक्षा कलमांना अग्रस्थान देणे इष्ट ठरते. वसईचा स्थानिक ख्रिस्ती समाज पुढे मराठी वाङ्मयाचा वाटेकरी झाला. 2020 च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी भूषविले. मोहिमेचे कथन किल्ल्यावर निशाण चढताच संपविणारा लेखक हा उत्तरार्ध गमावतो.