ख्रिस्तपुराण आणि मिशनऱ्यांचे रोजचे जगणे

मराठीत मिशनऱ्यांची चरित्रे थोडीथोडकी नाहीत. धर्मग्रामांच्या स्मरणिकांतून, शाळांच्या वार्षिकांतून आणि आमच्या नियतकालिकांतून ती सातत्याने येत असतात. त्यांतील बहुतेकांचा घाट मात्र एकच असतो. युरोपातील एखाद्या खेड्यात जन्म, लहानपणी झालेले पाचारण, मातापित्यांचा साश्रू निरोप, जहाज, आणि मग एकदम बाप्तिस्म्यांची संख्या, चर्चची कोनशिला, शाळा, दवाखाना व पुण्यमरण. जहाजातून उतरणे आणि शवपेटीत निजणे यांच्यामध्ये तीस-चाळीस वर्षांचे, म्हणजे अकरा ते साडेचौदा हजार दिवसांचे, आयुष्य असते. त्या दिवसांत हा मनुष्य काय जेवला, कोणी त्याला रांधून वाढले, पहिल्या पावसाळ्यात त्याची पुस्तके कशी बुरसली, कोणत्या शब्दावर तो अडला आणि कोण हसले, यांतील एक अक्षरही चरित्रकार लिहीत नाही. आमची तक्रार भक्तिभावाविषयी नाही. ती वाङ्मयीन आहे. ज्याला दिवस नाहीत त्याला चरित्र कसले?

ही उणीव मराठी भाषेची आहे असे कोणी म्हणू नये. आमच्या विदर्भातच, रिद्धपूरच्या भूमीवर, तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. श्रीचक्रधरांनी कोठे वस्ती केली, काय आरोगिले, कोणाशी कोणत्या प्रसंगी काय बोलले, हे त्यांनी अनुयायांच्या आठवणी विचारत फिरून गोळा केले आणि अगदी किरकोळ वाटणारे प्रसंगही टाकून दिले नाहीत. नागपूरच्या डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली त्याची संपादित आवृत्ती सिद्ध केल्यापासून तर तो ग्रंथ सामान्य वाचकाच्याही हाती आला. धर्मपुरुषाचा रोजचा दिवस हाच लिहिण्याचा विषय होऊ शकतो, हे मराठी गद्याला त्याच्या बालपणीच ठाऊक होते. ते विस्मरण आमच्या लेखकांना झाले.

परक्यांचे उदाहरणच हवे असेल तर मोलोकाई बेटाचे घ्यावे. हवाई बेटांतील त्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत फादर डेमियन १८७३ च्या मे महिन्यात गेले आणि १८८९ च्या एप्रिलमध्ये तेथेच त्याच रोगाने वारले. पुढे २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. परंतु त्यांचे सर्वांत जिवंत चित्र कॅथोलिक लेखकाने काढलेले नाही. ते प्रेस्बिटेरियन घराण्यात वाढलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी, १८९० च्या एका अनावृत पत्रात काढले. डेमियनवर चिखलफेक करणाऱ्या होनोलुलूच्या एका पाळकाला दिलेले ते उत्तर आहे. डेमियन यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच स्टीव्हन्सन त्या वसाहतीत जाऊन आले होते, माणसांशी बोलले होते. त्यामुळे डेमियन खडबडीत होते, हट्टी होते, टापटीप त्यांना जमत नसे, हे ते सरळ मान्य करतात; आणि ते मान्य केल्यावरच त्यांचा डेमियन वाचकाच्या मनात उभा राहतो. आमच्या चरित्रांतील संत सहसा उभे राहत नाहीत. ते कोनाड्यात असतात.

या दृष्टीने आम्ही आमच्याच एका थोर ग्रंथाकडे पुन्हा पाहू इच्छितो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राशोल येथे १६१६ साली छापले गेले. पाठ्यपुस्तकांनी त्यातील मराठी भाषेच्या स्तुतीच्या चार-पाच ओव्या तेवढ्या घेतल्या आणि उरलेल्या सुमारे ११,००० ओव्या अभ्यासकांसाठी सोडून दिल्या. भाषेची प्रशंसा करणारा इंग्रज म्हणून स्टीफन्स महाराष्ट्राला प्रिय झाले; पण माडांच्या त्या किनाऱ्यावर चाळीस वर्षे राहिलेला एक पाद्री म्हणून त्यांना कोणी वाचले नाही.

येथे भूगोलाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण तो मराठी लेखांत वारंवार होतो. मुंबईलगतचे साष्टी बेट आणि गोव्यातील सासष्टी ही एक नव्हेत. दोहोंच्या नावांत सहासष्ट गावांचाच निर्देश मानतात आणि पोर्तुगीज कागदांतही त्यांची नावे जवळजवळ सारखीच येतात, म्हणून गफलत होते. स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी उतरले ते मांडवी आणि जुवारी यांच्यामधील तिसवाडी बेटावर, गोवा शहरी. चोडण आणि दिवाडी ही बेटे तेथून हाकेच्या अंतरावर. पुढे जुवारी ओलांडून ते येशूसंघाकडे सोपविलेल्या सासष्टीत गेले, आणि १६१९ साली मरण येईपर्यंतचे त्यांचे बहुतेक आयुष्य त्या महालातील गावांतच गेले.

गोव्यास पोहोचल्यावर तीन आठवड्यांच्या आतच त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. त्यात प्रवासाचे वर्णन आहे: वारे, पक्षी, मासे, आणि हिरड्या सुजून माणसे निकामी करणारा तो समुद्रावरचा रोग. परंतु आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते १५८३ च्या ऑक्टोबरात भाऊ रिचर्ड यास धाडलेले लॅटिन पत्र. त्यात ते एका झाडाचे वर्णन करतात. त्या झाडापासून तेल मिळते, ताडी मिळते, गूळ आणि शिर्का मिळतो. काथ्याचे दोर होतात, झावळ्यांनी घरे शाकारतात. फळ सोलल्यावर दोन मुठींएवढे भरते, आत तहान भागविणारे पाणी असते, आणि करवंटीचा कोळसा लोहाराच्या उपयोगी पडतो. किनाऱ्यावरचे लोक होडीत जो माल भरतात तो याच झाडाचा, आणि होडीचे दोरखंडही त्याचेच. अशी ही यादी चालूच राहते.

आम्ही हे पत्र प्रथम वाचले तेव्हा थांबलो ते लोहाराच्या कोळशापाशी. माड पाहून थक्क होणारे प्रवासी पुष्कळ झाले. पण करवंटीचा कोळसा लोहार वापरतो हे ज्याला ठाऊक आहे, तो लोहाराच्या भट्टीपर्यंत गेलेला असतो. चार वर्षांत हा विल्टशायरचा तरुण प्रवासी राहिला नव्हता, शेजारी झाला होता. त्याच पत्रात तेथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनला जवळची आहे असे निरीक्षण आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे कौतुक करतात, आणि ते रास्तच आहे. आमच्या मते मात्र करवंटी आणि व्याकरण ही एकाच नजरेची दोन फळे आहेत. जो मनुष्य झाडाचा प्रत्येक भाग कोण कशासाठी वापरतो हे विचारतो, तोच पुढे क्रियापदाचे प्रत्यय मोजतो. त्यांचे कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले.

परंतु हेच पत्र आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे सोबती मारले गेले. ती वार्ता या पत्रात आहे. आम्ही त्या हुतात्म्यांचे स्मरण करतो आणि करीत राहू. तथापि ज्या गावाने शस्त्र उचलले त्याची देवळे पोर्तुगीज सत्तेने त्यापूर्वी पाडली होती. १५६७ पासून सासष्टीत हा क्रम चालू होता. आणि हत्येनंतर कुंकळ्ळीच्या प्रमुखांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेऊन न्यायनिवाड्यावाचून ठार करण्यात आले. माडाचे शांत वर्णन आणि हा रक्तपात एकाच लखोट्यातून इंग्लंडला गेला. मिशनऱ्यांचे रोजचे जगणे म्हणजे नुसती करवंटी आणि काथ्या नव्हे. त्या शांततेभोवती किल्ल्याची भिंत होती.

आता पुराणाकडे वळू. त्याची सुरुवात आमच्या समीक्षकांनी जितकी मनावर घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली नाही. सासष्टीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, धर्मशिक्षण चालले आहे. तेथे एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो: तुम्ही आम्हांला शिकवता ते ठीक, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का करून देत नाही? सारे ख्रिस्तपुराण या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

हा प्रश्न कवीने रचलेली सोय आहे, असे काही अभ्यासक म्हणतील. पुराणकथेला श्रोता आणि वक्ता लागतोच. आमचे मत वेगळे आहे. तीस-पस्तीस वर्षे धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्यास ठाऊक असते की असे प्रश्न कल्पनेतून येत नाहीत. धडा संपतो, पोरे पांगतात, आणि मागच्या बाकावरचा एखादा वडीलधारा उठून असे काही विचारतो की पाद्रीला आठवडाभर झोप लागत नाही. येथील वडीलधाऱ्याने धर्माची शंका विचारलेली नाही. त्याने संध्याकाळची गोष्ट विचारली आहे. पोथ्या गेल्या. दिवेलागणीला घरात चार माणसे जमत, कोणी वाचीत असे, बाकीचे ऐकत. त्या वेळेचे आता काय करायचे? ज्यांनी पोथ्या नेल्या त्यांच्यातीलच एकाला तो हे विचारतो आहे, आणि त्याचा स्वर नम्र आहे. त्या नम्रतेत किती नाइलाज होता, हे आज कोणी सांगू शकणार नाही.

स्टीफन्स यांचे मोठेपण असे की त्यांनी प्रश्न ऐकला. त्यांनी उपदेशाचे पुस्तक दिले नाही, ओवी दिली. सर्गांना ‘अवस्वरु’ म्हटले, स्वर्गाला वैकुंठ म्हणावयास ते कचरले नाहीत. प्रास्ताविकात ते सांगतात की जुन्या कवींचे कठीण शब्द सोडून, लोकांना कळावे म्हणून ब्राह्मणांच्या कोंकणी बोलीचे सोपे शब्द त्यांनी मराठीत मिसळले. हा निर्णय अभ्यासिकेत बसून होत नाही. कोणता शब्द ऐकताच समोरच्या चेहऱ्यावर उजेड पडतो आणि कोणत्या शब्दाला तो मख्ख राहतो, हे वर्षानुवर्षे पाहिल्यावरच तो होतो.

तरी ग्रंथाचे दोष दडविण्यात अर्थ नाही. मूर्तिपूजेच्या खंडनाचे भाग काव्य म्हणून सर्वांत दुर्बळ आहेत. तेथे वक्ता समोरच्या माणसाशी बोलत नाही, गैरहजर प्रतिपक्षाशी भांडतो, आणि ओवी ठोकळेबाज होते. याउलट ख्रिस्तजन्म आणि दुःखसहन यांच्या कथनात ती पुन्हा घरगुती होते, श्वास घेते. दुसरा दोष अधिक खोल आहे. प्रश्न विचारणारा पुराणात जातीने येतो, नावाने येत नाही. फादरांना मराठी कोणी शिकविली, जुन्या काव्याची घडण कोणी समजावून दिली, त्यांचीही नावे ग्रंथ सांगत नाही. म्हाइंभटांनी लीळा सांगणाऱ्यांची नावे जपली. आमच्या पुराणाने आपल्या गुरूचे नाव जपले नाही.

हे पुराण आम्ही नागपुरात, महाल भागातील काही वाचकांबरोबर, मोठ्याने वाचून पाहिले. महाल म्हणजे भोसल्यांची जुनी वस्ती. चातुर्मासात वाड्यावाड्यांतून पोथी लावण्याची रीत येथील वृद्धांना अजून आठवते. मंडळींत ख्रिस्ती थोडे, इतर अधिक. समुद्र येथून शेकडो कोस दूर. कोंकणी शब्दांपाशी सारे अडत. पण ओवीच्या चालीपाशी कोणी अडले नाही. एका निवृत्त शिक्षकांनी दोन बैठकांनंतर सांगितले की हा ग्रंथ डोळ्यांनी वाचला तर कंटाळा येतो, कानांनी वाचला तर येत नाही. ही समीक्षा आम्हांस पुष्कळ प्रबंधांहून नेमकी वाटली. आणि एका आजींनी सहज विचारले, “या पाद्रीबुवांना जेवायला कोण वाढत होतं हो?” कोणाजवळच उत्तर नव्हते. पुराणात ते नाही. पत्रांत आम्हांस आढळले नाही. नारळाच्या पाण्याची चव त्या पत्रात आहे, नारळ फोडून देणारा हात नाही.

रोजच्या अडचणींपैकी एक मात्र कागदावर राहिली आहे. १६०८ साली स्टीफन्स यांनी रोमला, येशूसंघाच्या वरिष्ठांना, येथील लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मिळावी म्हणून विनंती केली. साचे सहाशे लागतील, पण ते दोनशेंवर आणता येतील, असा हिशेबही दिला. लोहाराची भट्टी पाहिलेल्या माणसाचा तो हिशेब आहे. पण ते खिळे झाले नाहीत, आणि मराठीची स्तुती करणारे पुराण रोमन लिपीत छापून निघाले. १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापले गेले; त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये तर गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकभाषाच बंद करण्याचा हुकूम काढला. ज्या संध्याकाळीसाठी ग्रंथ मागितला गेला होता, ती संध्याकाळ दुसऱ्यांदा मुकी करण्याचा तो प्रयत्न होता, आणि या वेळी हिरावलेली पोथी आमचीच होती.

ती वाचली ती घराघरांतील हस्तलिखितांमुळे. गोव्यातून कानड्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी नकला करून ती बाळगली, सणासुदीला आणि उपासकाळात वाचली. अशा हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीत आवृत्ती काढली. देवनागरीत ती पुण्यास शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये आणली. पुढे १९९६ साली कॅरिदाद द्रागो यांची आणि २००९ साली फादर नेल्सन फाल्काव यांची, आधुनिक मराठी गद्यासह, आवृत्ती आली. महालातील वाचनाला आम्ही ही शेवटची आवृत्ती घेतली होती. आजींनी तिचे गद्य बाजूला ठेवावयास सांगितले, आणि ओव्याच पुन्हा म्हणावयास लावल्या.