न विंचरलेले केस

‘जोगवा’ हा चित्रपट २००९ साली आला, तेव्हा आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यावर दोन संध्याकाळी चर्चा रंगली. रंगणारच. राजीव पाटील यांचे दिग्दर्शन, संजय कृष्णाजी पाटील यांची पटकथा आणि मुळाशी राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा. सौंदत्तीची यल्लम्मा तर आमच्याच जिल्ह्यातली. तिच्या जत्रेला निघालेले कोल्हापूरकडचे जग आमच्या गल्लीतून चौंडकी वाजवीत जाताना आम्ही लहानपणापासून पाहिलेले. तेव्हा तायप्पाच्या अंगावर लादलेल्या साडीविषयी, उपेंद्र लिमये यांच्या अभिनयाविषयी, अजय-अतुल यांच्या संगीताविषयी प्रत्येकाला बोलायचे होते. पुढे अभिनय आणि संगीत या दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि आमची चर्चा बरोबर होती असे आम्हांला वाटले.

दुसऱ्या दिवशी पुस्तक बदलायला आलेल्या एक निवृत्त शिक्षिका दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी मध्येच विचारले, “पण त्या सुलीचे केस घरात कुणी विंचरत नव्हतं का हो?”

आम्ही हसलो. एकाने तर “बाई, हा चित्रपट आहे, शाळेतली आरोग्यतपासणी नव्हे,” असेही ऐकवले. बाई पुस्तक घेऊन गेल्या. ते हसू मात्र मला अजून टोचते, कारण त्या दोन संध्याकाळी झालेल्या चर्चेत चित्रपटाच्या मर्मावर बोट ठेवणारा तेवढा एकच प्रश्न होता, असे आता मला वाटते.

सुलीच्या केसांत जट सापडते आणि सुली देवीला वाहिली जाते. कथेचे सगळे दार या एका बिजागरीवर फिरते. तरी पाहणाऱ्याच्या मनात जट का आली हा प्रश्न उभा राहत नाही. साप निघावा, वीज पडावी, तशी जट ‘येते’. आपली भाषाही तेच सांगते. गुंता ‘होतो’, जट मात्र ‘येते’. आणि जे येते त्याला कोणीतरी पाठवलेले असते. गावकऱ्यांनी ती देवीने पाठवली असे म्हणावे हे समजते. पण त्या गावकऱ्यांचा अन्याय दाखवणारी कलाकृतीही ती जट आलेलीच आहे असे धरून पुढे जाते. अन्याय जट आल्यानंतर सुरू होतो असे तिचे गणित आहे. माझा वाद या गणिताशी आहे.

मराठी लेखनाने केसांकडे पाहिलेच नाही असे कोणी म्हणणार नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मधल्या यमूचे केशवपन वाचून सव्वाशे वर्षांत किती वाचकांनी पुस्तक मिटून ठेवले असेल. द्रौपदीचे सोडलेले केस आपण कीर्तनात ऐकले. संस्कृतात तर त्या वेणीवर ‘वेणीसंहार’ नावाचे अख्खे नाटक आहे. शृंगाराच्या कवितेत कुरळ्या बटांना तोटा नाही. (जुन्या शिलालेखांत आपल्या या मुलखाला कुंतल देश म्हटले आहे आणि कुंतल म्हणजे केस. यातून काही सिद्ध होत नाही, पण आठवले की गंमत वाटते.) मात्र यात केस कुठे कापले जातात, कुठे सूडासाठी मोकळे राहतात, कुठे वाऱ्यावर उडतात. ते रोज सकाळी कोणीतरी विंचरते, हे कुठे येत नाही. ‘वेणीफणी’ हा आपल्या घराघरातला शब्द. लेखकाने तो वापरलाच तर बाईचा वेळ कसा गेला हे सांगण्यापुरता.

आता केसांकडे केस म्हणूनच पाहू. केसाच्या वरच्या सालीवर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, त्यांची तोंडे टोकाकडे. सरळ केसावर टाळूचे तेल उतरत टोकापर्यंत पोचते. कुरळ्या केसात ते वळणावळणाला अडते, म्हणून कुरळा केस मुळाशी तेलकट आणि टोकाशी राठ. कोरड्या टोकांचे खवले उघडतात, हवेतले पाणी आत शिरते, केस फुगतो आणि शेजारच्या केसाला जाऊन अडकतो. बेळगावच्या पावसात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. आषाढात आरशासमोर उभे राहिले की डोक्याचा आकार दुप्पट झालेला असतो. असे केस चार दिवस विंचरले नाहीत तर गुठळ्या होतात. महिनाभर विंचरले नाहीत आणि त्यावर उशीची घासाघीस झाली तर ओली लोकर चोळून नमदा व्हावा तसे केस एकमेकांत रुतून बसतात. यालाच आपण जट म्हणतो. आजारपण, बाळंतपण, उवा, पाण्याची टंचाई, आईचे शेतावर जाणे यांतले कोणतेही कारण तिला पुरते. युरोपातही पोलंडमध्ये अशा जटेला एक रोग मानीत आणि ती कापली तर माणूस दगावतो असे लोक समजत. तिथे यल्लम्मा नव्हती. भीती मात्र तीच होती.

आणि मग आपल्याकडे पुढची पायरी येते. जटेला भंडारा लावायचा, तिला फणी लावायची नाही, ती धुवायची नाही, कापायची तर नाहीच. जी गोष्ट न विंचरल्याने झाली तिच्यावर न विंचरण्याचाच नेम घातला, की ती वाढत जाणार हे उघड आहे. ती वाढते, आणि तिचे वाढणे हीच देवीची खूण ठरते. श्रद्धा स्वतःच्या हाताने स्वतःचा पुरावा वळते. मला तरी या प्रथेतला सर्वांत नाट्यमय भाग हाच वाटतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. चिकोडी तालुक्यातल्या आमच्या गावी माझी चुलत बहीण नऊ वर्षांची असताना विषमज्वराने महिनाभर अंथरुणाला खिळली होती. तिचे केस मूळचेच दाट, कुरळे. आजी तिला लाडाने ‘झिपरे’ म्हणायची. ताप उतरला तेव्हा मानेच्या वर मुठीएवढा गोळा झाला होता. आजीने हात लावून पाहिला आणि हात मागे घेतला. “फणी लावू नगंस. आई आलीया,” ती म्हणाली. त्याच सुमारास चार घरे पलीकडच्या एका मुलीच्या डोक्यातही जट निघाली होती आणि तिच्या घरी भंडारा लागला होता.

माझी काकू शाळा न शिकलेली. तिने आजीला उलट उत्तर दिले नाही. दुपारी आजी झोपली की ती मुलीला परसात न्यायची. वाटीभर खोबरेल कोमट करून गोळ्यात जिरवायचे, केस मुळाशी डाव्या हाताने घट्ट धरायचे म्हणजे टाळूला ओढ बसत नाही, आणि उजव्या हाताच्या बोटांनी खालच्या टोकापासून एकेक बट सुटी करीत वर जायचे. वरून खाली कधीच नाही. वरून विंचरले की गुंता खाली जाऊन घट्ट बसतो. बोटांनी सुटेल तेवढे सुटले की रुंद दातांचा लाकडी कंगवा, आणि फणी सगळ्यात शेवटी. जिथे काहीच चालले नाही तिथे तिने दाभणाच्या टोकाने उकलले. पाच दुपारी लागल्या. सहाव्या दिवशी शिकेकाईने न्हाऊ घालून, पंचाने न रगडता केस टिपून, तिने सैल वेणी घातली आणि मुलीला आजीच्या पाया पडायला पाठवले. आजी काही बोलली नाही. तिने वेणी हातात घेऊन पाहिली आणि मुलीला गूळ दिला.

चार घरे पलीकडे असे कोणी बसले नाही. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. दुपार तिची नव्हतीच. ती मुलगी पुढच्या माघ पौर्णिमेला डोंगरावर नेली गेली. बेळगाव मुंबई इलाख्यात असतानाच, १९३४ साली, देवदासी वाहण्याविरुद्ध कायदा झाला होता. कर्नाटकाने १९८२ साली पुन्हा केला. त्या मुलीपर्यंत कायदा पोचला नाही, आणि पाच दुपारीही पोचल्या नाहीत.

‘जोगवा’त या दुपारी असायला हव्या होत्या, असे माझे म्हणणे. चित्रपटाने केशरक्षणाचे व्याख्यान द्यावे असा याचा अर्थ नाही. पण सुलीच्या घरात कंगवा होता की नव्हता, असला तर तो कोणाच्या हातात होता, आणि तो हात कोणत्या क्षणी मागे घेतला गेला, हे दिसते तर तिचे वाहिले जाणे ही नियती राहिली नसती. ती एका घराने घेतलेली, टाळता आली असती अशी माघार झाली असती. शोकांतिका त्याने अधिक खोल गेली असती. आजीचा मागे घेतलेला हात मी पाहिला आहे. पडद्यावर दाखवावे असे दृश्य याहून दुसरे मला सुचत नाही.

केसांबद्दल इतक्या बारकाईने कोण लिहिते, असे विचाराल, तर उत्तर अवघड आहे: वर्तमानपत्रांच्या स्त्री-पुरवण्या. साहित्याने सोडून दिलेली ही जागा त्यांनी घेतली. तिथले सल्ले मी अलीकडे मुद्दाम वाचले आणि त्यांतले पुष्कळ काकूचेच निघाले. न्हाण्याआधी तेल लावा, टोकाकडून सोडवा, कोरडे असताना कुरळे केस ओढू नका, टॉवेलने रगडू नका, झोपताना सैल वेणी घाला. खोबरेलाबद्दल तर पुरावा आहे. २००३ साली मुंबईतल्या दोन संशोधकांनी दाखवून दिले की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला ते जमत नाही.

त्या मजकुराची भाषा मात्र वाचवत नाही. फुगणारा, राठ केस तिथे ‘समस्या’ असतो, आणि त्याने ‘रेशमी’ व्हायचे असते. रेशीम किड्याच्या कोशातून येते, आपल्या कोणाच्या डोक्यावर उगवलेले मी पाहिलेले नाही. मग त्याच पानाच्या खाली केस सरळ करून देणाऱ्या पार्लरची जाहिरात असते. गरम इस्त्रीने सरळ केलेला केस पावसाचा पहिला शिडकावा होताच परत वळतो, कारण इस्त्रीने मोडलेले बंध पाण्याने पुन्हा जुळतात. रसायनाने केसातले गंधकाचे पक्के बंध तोडले तर सरळपणा टिकतो, पण मुळातून येणारा नवा केस आपल्या वळणानेच येतो. केस मऊ करण्याच्या काही लेपांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडचा वायू निघतो. करून घेणारीचे आणि करून देणाऱ्या मुलीचे, दोघींचेही डोळे चुरचुरतात ते उगीच नव्हे. यातले काही त्या पानावर छापत नाहीत.

म्हणजे एकीकडे कुरळ्या केसाच्या गुंत्यात देवी दिसते, दुसरीकडे त्याच केसात ‘समस्या’ दिसते. दोन्हीकडे तो स्वतः कसा आहे हे विचारलेले नाही. आपली रोजची बोलीही फारशी वेगळी नाही. चापूनचोपून बसवलेले केस म्हणजे वळणदार मुलगी. पिंजारलेले केस, झिंज्या, झिपऱ्या हे सगळे रागाचे शब्द. यातला ‘पिंजारलेले’ कापूस पिंजण्यावरून आला असावा. पिंजलेल्या कापसाची गादी आपण कौतुकाने करतो, पिंजारलेल्या डोक्याला मात्र बोल लावतो.

त्या शिक्षिका परवा वाचनालयात पुन्हा भेटल्या. मी त्यांना त्यांच्या प्रश्नाची आठवण करून दिली. त्यांना तो आठवत नव्हता. चाळीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग घेतले, त्या म्हणाल्या. टेबलाच्या खणात एक कंगवा आणि तेलाची बाटली कायम असायची. कुणाच्या केसांत गुठळी दिसली की मधल्या सुट्टीत तिला समोर बसवायचे. पालकांना कळवत नसे. कळवले असते तर मुलगी दुसऱ्या दिवशी आलीच नसती, असे त्या म्हणाल्या, आणि रजिस्टरवर सही करून पुस्तक घेऊन गेल्या.