बारा महिने, बारा कादंबऱ्या

आमचे सिमरोल इंदूर-खंडवा रस्त्यावरचे गाव. अलीकडे आय.आय.टी.मुळे ते बाहेरच्यांनाही ठाऊक झाले आहे. येथील व इंदुरातील पाच-सहा मराठी घरांनी मिळून गेल्या वर्षी एक संकल्प सोडला: आशियाई लेखकांची दरमहा एक कादंबरी वाचायची आणि महिनाअखेरीस एकत्र बसून तिच्यावर बोलायचे. मी मुख्याध्यापक; यादीचे काम साहजिकच माझ्या गळ्यात पडले.

पहिली यादी मी नकाशा समोर ठेवून केली. जपानचे कावाबाता (नोबेल १९६८), तुर्कस्तानचे पामुक (२००६), कोरियाच्या हान कांग (२०२४), असे बारा देश. यादी वाचून दाखवताच नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आपण आशियात राहत नाही का?" खरेच, यादीत भारतच नव्हता! इंग्रजीच्या दारातून जे आत येते तेवढेच आपल्याला आशियाई वाटते. कावाबातांची 'स्नो कंट्री' मोलाची आहे, पण ती तिच्यातल्या न बोललेल्या दुःखामुळे, पारितोषिकामुळे नव्हे.

दुसऱ्या यादीला एकच कसोटी लावली: हे पुस्तक आमच्या घराला काही विचारते का?

इंडोनेशियाचे प्रमुद्या अनंत तूर बुरू बेटावर राजकीय कैदी होते. लिहिण्याची मुभा नव्हती, तेव्हा त्यांनी कथानक सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितले. 'धिस अर्थ ऑफ मॅनकाइंड' १९८० साली प्रसिद्ध झाली आणि १९८१ साली तिच्यावर बंदी आली. नायक मिंके जावाचा, डच शाळेत शिकलेला, डचमध्ये लिहिणारा. पुढच्या भागात मित्र त्याला आपल्या लोकांसाठी मलायमध्ये लिहायला सांगतात, तर तो दुखावतो. हा मिंके मला आमच्या घरोघरी दिसतो. मुले हिंदीत बोलतात, इंग्रजीत लिहितात आणि आजीशी मराठीत बोलताना अडखळतात. तूर त्याला दोषी ठरवून मोकळे होत नाहीत. डच शिक्षणानेच त्याला गुलामी ओळखता आली, हेही ते दाखवतात. संवाद अधूनमधून भाषणांच्या वळणावर जातात, हा दोष आहे. पण प्रश्न खोटा वाटत नाही. आमच्यापैकी ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांना ही कादंबरी मी मराठीत तोंडी सांगितली.

भैरप्पांची 'वंशवृक्ष' उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादात वाचली. सीमेवर मराठी-कानडीवरून किती कटुता आली, हे आपणांस मी सांगायला नको. ज्या वंशाच्या शुद्धतेवर श्रीनिवास श्रोत्रींनी आयुष्य उभारले, त्या वंशाशी आपले रक्ताचे नातेच नाही, हे त्यांना उतारवयात कळते. लेखक त्यांची थट्टा करीत नाही, त्यांना सोडूनही देत नाही. त्यांची विधवा सून कात्यायनी पुनर्विवाह करते, मुलाला मुकते. तिचे काय चुकले, यावर आमच्याकडे आज्या आणि नाती रात्री अकरापर्यंत भांडल्या. आणि भांडल्या मराठीत.

मराठी पुस्तक ज्यांना अजून पेलत नव्हते, त्यांनी कुर्रतुलऐन हैदर यांची 'आग का दरिया' देवनागरीतून वाचली. लिपी एकच, ही दुभाषी घरांची मोठी सोय आहे.

आपणही अशी यादी कराल तर माझे एवढेच सांगणे, की आशियाची सुरुवात शेजारच्या भाषेपासून करावी. जपान, कोरिया कोठे जात नाहीत.